चांदवडचा मुक्काम

गेल्या हिवाळ्यांत आमच्या एका स्नेह्यानें मुंबईहून विचारलें कीं, दोन दिवस नाशकास येत आहोंत. एक दिवस वणीच्या देवीस जाऊं. दुसऱ्या दिवसाकरितां चांदवड म्हणून गांव आहे तें पाहण्याजोगें आहे काय, किती वेळ पुरेल, आणि जेवणाची सोय कशी? प्रश्न साधा होता व त्याचें उत्तर चार ओळींत देतां आलें असतें. परंतु लिहावयास बसलों तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, ज्या गांवाविषयीं आपण सत्तावीस वर्षें वर्गांत बोलत आलों, ज्याचें नांव मराठ्यांच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेंत आपण स्वतः दोन वेळां घातलें, त्या गांवीं आपण एक रात्रही राहिलेलों नाहीं. धुळ्यास किंवा इंदुरास जातां-येतां एस. टी.च्या खिडकींतून किल्ल्याचा कडा पाहिला असेल तेवढाच. सबब स्नेह्यास "थांबा, पाहून कळवितों" असें सांगून आम्ही, आमची पत्नी आणि माहेरपणास आलेली आमची धाकटी बहीण अशीं तिघें पौषांतील एका शनिवारीं सकाळच्या गाडीनें नाशकाहून निघालों. पुढील मजकूर म्हणजे त्या स्नेह्यास द्यावयाचें राहिलेलें उत्तर होय.

नाशिकपासून चांदवड सुमारें ६५ किलोमीटरांवर आहे. ओझर आणि पिंपळगांव बसवंत हीं द्राक्षांचीं गांवें मागें पडलीं कीं जमीन हलकी होत जाते, मळे विरळ होतात, आणि उत्तरेच्या अंगास डोंगरांची एक लांब ओळ आडवी आलेली दिसते. हीच सातमाळा. सह्याद्रि दक्षिणोत्तर धांवतो. त्याची ही फांदी मात्र पूर्वेकडे वळलेली आहे, आणि तिच्या माथ्यावर अहिवंत, सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचन, राजधेर, इंद्राई अशीं शिखरें व किल्ले ओळीनें बसविल्यासारखे आहेत. या ओळीच्या दक्षिणेस पडलेला पाऊस गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास जातो. उत्तरेस पडलेला गिरणेवाटे तापीस मिळून अरबी समुद्र गांठतो. दक्षिणेस गंगथडी, उत्तरेस खानदेश व त्यापलीकडे माळवा, आणि मधल्या या भिंतीला जेथें गाडी जाण्याजोगी फट आहे तेथें चांदवड. ज्यास या गांवाचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल त्यानें प्रथम ही फट ध्यानांत धरावी. राजघराण्यांचीं नांवें मागाहून पाठ केलीं तरी चालतील.

कारण फटीवर ज्याची चौकी, त्याच्या पदरांत जकात. सुरतेचा किंवा बऱ्हाणपुराचा माल दख्खनेंत उतरावयाचा, दख्खनेची फौज माळव्यांत चढावयाची, तर वाटा मोजक्या. आणि त्यांतली ही एक मुख्य. आजही मुंबई–आग्रा रस्त्यावर चांदवडजवळ मंगरूळ येथें टोलनाका आहे. गाडीच्या कांचेवरील फास्टॅगची चिठ्ठी यंत्रानें वाचली जाते आणि गाडीवाल्यास थांबावें लागत नाहीं एवढाच काय तो फरक. पूर्वीच्या जकातदारापुढें मात्र थांबावें लागे, आणि थांबलेला मनुष्य पाणी पितो, भाकरी सोडतो, बैलांस वैरण घेतो, नाणें मोडतो, देवदर्शन करितो. या थांबण्यांतून चांदवड गांव वाढलें असें आमचें मत आहे.

गांवाच्या प्राचीनत्वाविषयीं थोडक्यांत सांगतों. यादव घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार यानें चंद्रादित्यपुर नांवाचें नगर वसविलें असें जुने लेख सांगतात. हेमाद्रीच्या व्रतखंडांत या घराण्याची जी राजप्रशस्ति आहे तींतही दृढप्रहाराची हकीकत येते. हें चंद्रादित्यपुर म्हणजे आजचें चांदवड असें मत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांपासून अनेक विद्वानांनीं मांडलें आहे. काळ नवव्या शतकाचा. दृढप्रहाराचा पुत्र सेउणचंद्र सिन्नराकडे सरकला, आणि सुमारें तीनशें वर्षांनीं याच घराण्यांतील भिल्लमानें देवगिरीस राजधानी केली. इंग्रजी दप्तरांत या गांवास चांदोर म्हणत. गोमंतकांतही एक चांदोर आहे आणि तेंही प्राचीन राजधानीचें स्थळ आहे. त्यामुळें आमच्या एका विद्यार्थ्यानें होळकरांची टांकसाळ गोव्यांत नेऊन बसविली होती! त्यास गुण द्यावे कीं न द्यावे या विवंचनेंत आम्ही बराच वेळ पेन हातांत धरून बसलों होतों.

मोगलांनीं हा प्रदेश शहाजहानच्या अमदानींत जिंकला. १६३६ च्या सुमारास अलावर्दीखानानें या ओळीतले किल्ले एकामागून एक घेतले, आणि त्या विजयाचा फारशी शिलालेख इंद्राईच्या कातळांत आजही पाहावयास मिळतो. इंद्राई चढण्याचें वय ज्यांचें असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा.

आमची गाडी स्थानकावर पोंचली तेव्हां ऊन कोंवळें होतें. आम्ही प्रथम रेणुकेच्या दर्शनास गेलों, आणि पाहुण्यांनींही तसेंच करावें. ऊन चढल्यावर दगडी पायऱ्या तापतात. देऊळ हमरस्त्याच्या बाजूस, डोंगराच्या कुशींत आहे. देवीचें स्थान मूळचें गुहेंतील. त्याभोंवतीं जें दगडी काम उभें राहिलें तें अहिल्याबाई होळकरांच्या काळचें मानतात. गांवची श्रद्धा अशी कीं, परशुरामानें पित्याच्या आज्ञेवरून मातेचा वध केला तेव्हां तिचें शिर येथें राहिलें आणि धड माहुरास. कथेची छाननी करणें हा आमच्या शास्त्राचा विषय नव्हे. पायऱ्या उतरतांना बहीण म्हणाली, "दादा, आज्ञा बापाची, परशु मुलाचा, आणि मान तेवढी आईची." पुराणांतलीं वांगीं पुराणांत, असें म्हणून आम्हीं तो विषय हंसून टाळला.

होळकरांचा या गांवाशीं संबंध कसा आला हें सांगतांना आमच्या पाठ्यपुस्तकांत फौजा, सरंजाम आणि किल्ले यांचीच भाषा असते. एक लहानसा कागद मात्र दुर्लक्षित राहतो. १७३४ सालीं पहिल्या बाजीराव पेशव्यांनीं मल्हारराव होळकरांची पत्नी गौतमाबाई यांच्या नांवें स्वतंत्र नेमणूक करून दिली. सुमारें तीन लाखांच्या उत्पन्नाची ही नेमणूक. तींत माळव्याकडील महेश्वरादि महाल होते, आणि दख्खनेकडील नांवांत चांदोर येतें. होळकरांची दौलत ती निराळी, आणि ही 'खासगी' निराळी. दौलतीचा पैसा फौजेस लागावयाचा, त्याचा जाब पुण्यास द्यावयाचा. खासगीचा पैसा घरच्या मुख्य स्त्रीचा, आणि त्याचा जाब कोणी मागावयाचा नाहीं. १७६१ सालीं गौतमाबाई निवर्तल्या तेव्हां ही खासगी सुनेकडे, म्हणजे अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, देवळें आणि धर्मशाळा त्यांच्या नांवानें उभ्या आहेत त्यांचा खर्च मुख्यतः या थैलींतून झाला. माल्कमनें आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, मल्हाररावांच्या खजिन्यावर बाईंनीं तुळशीपत्रासह उदक सोडून तो धर्मकार्यास वाहिला. तो पैसा मागावयास रघुनाथरावांसारखे लोक टपले होते हें लक्षांत घेतलें म्हणजे या तुळशीपत्राचा दुसरा अर्थही दिसूं लागतो. देवास वाहिलेल्या पैशास हात कोण लावणार? धर्मबुद्धि आणि व्यवहारबुद्धि एका ओंजळींत मावल्याचें इतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

हें मनांत ठेवून रंगमहाल पाहावयास जावें. नांवानें पुष्कळांची फसगत होते. आमच्या मागून आलेल्या तरुणांच्या एका घोळक्यांत "येथें नाच कोठें होत असे?" अशी पृच्छा चालली होती, चित्रपटांनीं इतिहासाची जी सेवा चालविली आहे तिचें हें फळ. रंगमहाल म्हणजे रंगविलेला महाल असा सरळ अर्थ घेण्यास आमच्या मतें कांहीं हरकत नाहीं, कारण त्याच्या भिंतींवर खरोखरच रंगीत चित्रें आहेत. बाहेरून पाहतां हा वाडा एखाद्या भुईकोटासारखा दिसतो: उंच तट, बुरूज, आणि हत्ती जाईल एवढा दरवाजा. आंत पाऊल टाकतांच मात्र दगडाचें राज्य संपून लांकडाचें सुरू होतें. खांब, तुळया, कमानी, छताच्या पट्ट्या यांवर कोरलेलीं पानें-फुलें पाहतांना मान अवघडते. जेथें दुरुस्ती झाली आहे तेथें नवें लांकूड रंगावरून ओळखूं येतें. तें तसें ओळखूं यावें हेंच बरें. जुन्यानव्यांत भेद न दिसूं देणारी दुरुस्ती पाहणाऱ्याशीं खोटें बोलते.

भिंतींवरील चित्रांची दशा सर्वत्र सारखी नाहीं. कांहीं ठिकाणीं गिलावा सुटला आहे, कांहीं ठिकाणीं रंग धुरकटला आहे, आणि हात पोंचेल तेथवर प्रेमिकांनीं आपलीं नांवें खिळ्यानें कोरून ठेविलीं आहेत. आमची पत्नी हीं नांवें वाचीत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, यांतलीं किती लग्नें झालीं असतील?" इतिहाससंशोधनाचा हा विषय आम्हांस आजवर सुचला नव्हता.

वाड्याच्या आवारांत बारव आहे. चांदवडचा तालुका पर्जन्यछायेंतला. पाण्याची ओढ येथें जुनीच. वाड्याच्या नक्षीपेक्षां ही बारव पाहण्यांत आमचा अधिक वेळ गेला. पायरी-पायरीनें खालीं उतरावें तसा उकाडा मागें राहतो, आवाज मागें राहतो, आणि ज्यानें हें बांधविलें त्यास मुक्कामाची गरज कळली होती हें पटतें. शेंकडों माणसें, घोडीं आणि बैल एकाच वेळीं उतरणाऱ्या ठिकाणीं पाण्यावांचून नक्षी काय कामाची? एका मुलानें आम्हांस मोठ्या आग्रहानें भुयाराचें तोंड दाखविलें आणि तें थेट देवीच्या डोंगरापर्यंत जातें असें सांगितलें. महाराष्ट्रांतील जेवढीं भुयारें आम्हांस आजवर दाखविण्यांत आलीं तीं सारीं खरीं मानलीं तर पेशवाईंत जमिनीवरून कोणी चालतच नसावें. तथापि मुलाचा उत्साह मोडवला नाहीं.

आतां जेवणाविषयीं; कारण स्नेह्याच्या प्रश्नांत तोच भाग सर्वांत कळकळीचा होता. हमरस्त्यावर मोठालीं उपाहारगृहें पुष्कळ आहेत आणि तेथें मुंबईस मिळतें तेंच मिळतें. ज्यास चांदवडास येऊन मुंबईचेंच जेवावयाचें असेल त्यानें तेथें जावें. आम्ही गांवांत शिरून एका बाईंची लहान खानावळ गांठली. चुलीपुढें बसलेल्या त्या बाई वयानें आमच्याएवढ्याच असाव्यात. "कुठून आले तुम्ही? बसा, भाकर गरम टाकते," एवढेंच त्यांनीं विचारलें व सांगितलें. बाजरीची भाकरी, शेवभाजी, वांग्याचें भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीनें फोडलेला कांदा.

या ताटांत भूगोल वाचतां येतो. बाजरी या हलक्या, कोरडवाहू जमिनीची. कांदा तर या टापूचें चलनच. लासलगांवचा बाजार येथून जवळ, आणि कांद्याचा भाव पडला कीं येथल्या लग्नसराईंत तो कळतो. शेवभाजी आणि भरीत हे मात्र खानदेशचे पाहुणे, घाट ओलांडून आलेले. नाशिक शहरांत सकाळीं मिसळ खाणारा मनुष्य आणि जळगांवाकडे शेवभाजी खाणारा मनुष्य यांची गांठ चांदवडास पडते. दोघांच्या रश्श्यांत भाजलेलें खोबरें, भाजलेला कांदा आणि काळा मसाला समान. फरक तिखटाच्या धीटपणांत. आमचा धीर पहिल्या घासांतच सुटला आणि दह्याची वाटी मागवावी लागली. येथें येणाऱ्या पाहुण्यानें ती आधींच मागवावी. गोडाची हौस असेल तर गोड नाशकाहून आणावें; येथें भाकरीवर तूप-गूळ मागून घ्यावा, तो तोडीस तोड आहे. मिरची अमेरिका खंडांतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली हें आम्हीं जेवतां जेवतां सांगितलें, तेव्हां बाई म्हणाल्या, "मग त्याच्या आधी लोक जेवत कसे?" याचें समाधानकारक उत्तर इतिहासापाशीं नाहीं. पैसे द्यावयाची वेळ आली तेव्हां बहिणीनें आपल्या पर्सेंतून काढून दिले; आम्हीं खिशांत हात घातला तो तसाच राहिला.

जेवणानंतर आम्हीं टांकसाळीचा शोध सुरू केला. मराठ्यांचा आर्थिक इतिहास शिकविणाऱ्यास चांदवड हें प्रथम एक नाणें म्हणून ठाऊक असतें. पेशवाईच्या उत्तरकाळांतील हिशेबांत चांदवडी रुपये वारंवार येतात. होळकरांची ही टांकसाळ आरंभीं किल्ल्यावर होती, मागाहून ती गांवांत आली, आणि इंग्रजी अंमल बसल्यावर १८३० च्या सुमारास बंद पडली. पुढें १८३५ सालीं कंपनी सरकारनें सर्वत्र एकच रुपया चालू केला आणि नाण्यावर इंग्लंडच्या राजाचें मुंडकें आलें. त्यानंतर रुपयास गांव उरलें नाहीं. त्यापूर्वीं मात्र प्रत्येक रुपयास गांव असे. सावकार चांदी घेऊन टांकसाळींत यावयाचा. कारागीर तिचे तुकडे पाडून, वजन जमवून, ठशाखालीं ठेवून घण मारावयाचा. ठसा तुकड्यापेक्षां मोठा असे. म्हणून पुरा मजकूर एका नाण्यावर कधींच उमटत नसे. चांगली चांदी ठेविली तर गांवाचें नांव मोठें आणि बट्टा थोडा. खोट घातली तर सराफ दोन गांवें पलीकडेच रुपया परत फेंकावयाचा.

पेठेंतील एका वृद्ध सराफांकडे असा एक रुपया होता. त्यांनीं तो मखमलीच्या तुकड्यांतून काढून आमच्या तळहातावर ठेविला. जवळजवळ तोळाभर वजन, कडा ओबडधोबड, आणि वर तुटक फारशी अक्षरें. बहिणीनें तो हातांत घेऊन उलटापालटा केला आणि विचारलें, "दादा, यावर बाईंचें नांव कुठें आहे?" तें नाहीं. त्यावर नांव आहे तें दिल्लीच्या शाहअलम बादशहाचें, ज्याचे डोळे १७८८ सालीं त्याच्याच राजवाड्यांत काढण्यांत आले आणि ज्याची सत्ता दिल्लीच्या तटापलीकडे क्वचितच चालत असे. आणि गांवाचें नांव मोगली वळणाचें, जाफराबाद उर्फ चांदोर असें. चांदी येथली, घण येथला, नफा होळकरांचा, आणि सही मात्र आंधळ्या बादशहाची. महेश्वरच्या नाण्यांवर अहिल्याबाईंनीं शिवलिंग आणि बेलाचें पान घातलें. पण त्यांवरही स्वतःचें नांव घातलें नाहीं. त्या काळीं सत्तेस दुसऱ्याच्या नांवाचें पांघरूण लागत असे, असें आम्हीं बहिणीस समजावून दिलें. तिनें रुपया सराफांस परत केला आणि म्हणाली, "त्या काळीं," एवढेंच.

होळकरांची स्तुति करतांना एक गोष्ट झांकून ठेवणें आमच्या व्यवसायास शोभणार नाहीं. ज्या वाटेवर अहिल्याबाईंनीं यात्रेकरूंची सोय केली, त्याच मुलखांतून सात-आठ वर्षांनीं यशवंतराव होळकरांच्या स्वारांनीं आणि पेंढाऱ्यांनीं धान्य लुटून नेलें. १८०३–०४ चा भयंकर दुष्काळ नाशिक-नगरच्या प्रांतानें पावसाच्या आधीं माणसांच्या हातून सोसला. १८०४ च्या ऑक्टोबरांत कर्नल वॉलेसनें चांदवड घेतलें. तें होळकरांस परत मिळालें. आणि महिदपूरच्या पराभवानंतर जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडील सारा होळकरी मुलूख गेला तेव्हां चांदवडही गेलें. त्या वर्षींच्या एप्रिलांत लेफ्टनंट कर्नल मॅक्डॉवेलची तुकडी या ओळीतले किल्ले घेत फिरली. अंकाई, राजधेर, इंद्राई ही त्यांतली नांवें. पुढें आगगाडी आली ती डोंगराच्या दक्षिणेनें लासलगांव-मनमाडवरून गेली. फट होती तेथेंच राहिली, आणि व्यापार रुळांमागें गेला. मनमाड हें नांव सर्वांस ठाऊक झालें तें यामुळें.

दुपार कलल्यावर आम्ही किल्ल्याच्या डोंगरांतील जैन लेणें पाहिलें. अकराव्या-बाराव्या शतकांतलें हें लेणें आठवे तीर्थंकर चंद्रप्रभु यांचें आहे. आकारानें मोठें नाहीं. वेरूळ पाहून आलेल्यास तें चिमुकलें वाटेल. परंतु कातळांत बसलेल्या त्या शांत मूर्तींपुढें उभें राहिलें आणि मागें वळून खालचें मैदान पाहिलें म्हणजे व्यापारी वाट आणि जैन लेणें यांचा संबंध शब्दांवांचून कळतो. जेथें सार्थ थांबावयाचे तेथें दान व्हावयाचें. १९२८ सालीं येथें स्थापन झालेला श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम पुढें शाळा-महाविद्यालयांनीं केवढा विस्तारला हेंही त्याच परंपरेंत बसतें. डोंगरावर चंद्रेश्वर महादेवाचें देऊळ आहे. संध्याकाळीं तेथें बसावें, वारा चांगला असतो. चंद्रादित्य, चंद्रप्रभु, चंद्रेश्वर, आणि रुपया चांदीचा: या गांवानें चंद्राचा पिच्छा सोडलेला नाहीं. किल्ला मात्र आम्हीं पाहिला तो खालूनच. सुमारें चार हजार फुटांची उंची, कातळाचा कडा आणि निसरडी वाट. तरुणांनीं वाटाड्या घेऊन जावें, आमच्या वयाच्या मंडळींनीं त्यांस हात हालवून निरोप द्यावा.

रात्रीं पुन्हा त्याच बाईंकडे पिठलें-भाकरी खाल्ली. गिऱ्हाईक थोडें होतें. बाई बोलत्या झाल्या. आम्ही इतिहासाचे शिक्षक असें कळतांच त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला बायांचं अधिवेशन माहीत असेल. माझी सासू गेली होती. मी तेव्हा नवी नवरी, मला कोण जाऊ देतं! मी घरी भाकरी थापत होते."

ठाऊक होतें, पण सबंध दिवसांत आम्हांस त्याची आठवण झाली नव्हती. १९८६ सालच्या नोव्हेंबरच्या ९ व १० तारखांस शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन चांदवडास भरलें. शरद जोशी यांच्या हांकेवरून शेतकरी स्त्रिया लाखाच्या संख्येनें येथें जमल्या असें त्या वेळच्या हकीकती सांगतात. शेतांत राबणाऱ्या स्त्रीचें शेतावर नांव कां नाहीं, हा तेथील एक मुख्य प्रश्न होता. तेथील विचारांचें जें लहानसें पुस्तक झालें त्याचें नांव 'चांदवडची शिदोरी'. पुढें १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला आणि गांवोगांवच्या पुरुषांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग बायकांच्या नांवें करून दिला. १९९४ सालीं महाराष्ट्रांत व २००५ सालीं साऱ्या देशांत कायद्यानें मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा वांटा मिळाला. १७३४ च्या त्या नेमणुकीवर आम्हीं वर्गांत अनेक व्याख्यानें दिलीं आहेत. पण ज्या चांदवडचें उत्पन्न एका स्त्रीच्या स्वतंत्र नांवें लावून दिलें गेलें, त्याच चांदवडास अडीचशें वर्षांनीं लाखभर स्त्रिया सातबाऱ्यावर नांव मागावयास जमल्या, या दोन गोष्टी आम्हीं कधीं शेजारीं ठेवून पाहिल्या नव्हत्या.

"सासूबाईंच्या नांवावर झाली का जमीन?" आमच्या पत्नीनें विचारलें.

"अर्धा एकर," बाई म्हणाल्या. "सासऱ्यानं पेढे वाटले होते. त्याच अर्ध्या एकराच्या कांद्यावर हे दुकान टाकलं."

बहीण पाणी पीत होती. तिनें तांब्या खालीं ठेविला, पण ती कांहीं बोलली नाहीं. तिच्या न बोलण्याचें कारण येथें लिहिणें आम्हांस भाग आहे. आमचे वडील वारले त्यास आतां बारा वर्षें झालीं. निफाड तालुक्यांत त्यांची थोडी जमीन होती. सातबाऱ्यावरचें काम सोपें व्हावें म्हणून आम्हीं बहिणीस तालुक्याच्या गांवीं बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिनें एक शब्द न विचारतां ती केली. त्या दिवशीं आम्हीं तिला पैठणी घेऊन दिली आणि आपण भावाचें कर्तव्य केलें असें समजून परत आलों. त्याच आठवड्यांत महाविद्यालयांत आमचें अहिल्याबाई आणि खासगी या विषयावर व्याख्यान झालें होतें, आणि तें चांगलें झालें असें लोक म्हणाले होते.

रस्त्यालगतच्या एका लहान लॉजांत आम्हीं रात्र काढली. राहुडच्या घाटाकडे जाणाऱ्या मालमोटारींचा आवाज पहांटेपर्यंत थांबला नाहीं. सकाळीं चहा घेऊन आम्ही नाशकाकडे परत फिरलों. बहीण दोन दिवसांनीं तिच्या घरीं गेली.

स्नेह्यास आम्हीं कळविलें तें असें: एका दिवसांत चांदवड होत नाहीं, एक रात्र राहावें. सकाळीं रेणुका, मग रंगमहाल आणि बारव, दुपारीं गांवांतल्या खानावळींत जेवण, उतरत्या उन्हांत लेणें आणि चंद्रेश्वर. बरोबर पाणी, टोपी आणि दह्याची वाटी मागण्याची हिंमत असावी. पावसाळ्याच्या अखेरीस डोंगर हिरवे असतात, पण वाटा निसरड्या, हिवाळा उत्तम. ज्यांस नाण्यांची आवड आहे त्यांनीं पेठेंत विचारावें, परंतु विकत कांहीं घेऊं नये. तें पत्र त्याच आठवड्यांत गेलें. बहिणीस लिहावयाचें पत्र अद्याप मेजावर आहे. निफाडच्या तलाठ्याकडून उतारा मागविला आहे, तो आला म्हणजे त्यासोबत पाठवावयाचें आहे.